चिऊताईचं दार आणि खुलभर दूध

बाई, सप्रेम नमस्कार.

मी मूळची साताऱ्याची, सध्या पिंपरीला मुलाकडे असते. नात साडेपाच वर्षांची. दीड महिन्यापूर्वी माझ्या लेकीची मुलगी, वय वर्षं आठ, आमच्याकडे राहायला आली. लेकीला सातवा महिना आहे, डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचं नाही म्हणून सांगितलंय आणि जावयांची नोकरी फिरतीची. बाळंतपण होईपर्यंत पोर इथेच राहील. पण धाकटी तिला कशालाच हात लावू देत नाही. खडू, सायकल, अंघोळीचा मगसुद्धा. रात्री माझ्या शेजारी कोण झोपणार यावरून रोज रडारड. सून म्हणते, हातातून काढून घ्या आणि द्या, सवय होईल. मुलाने सगळ्या वस्तू दोन-दोन आणल्या. मी म्हटलं, गोष्टीतून सांगावं, म्हणून चिऊ-काऊची गोष्ट सांगितली. दुसऱ्याच दिवशी धाकटीने खोलीला आतून कडी घातली. थोरली दार वाजवतेय आणि ही आतून म्हणते, "थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते. थांब, माझ्या बाळाला तीट लावते." अर्धा तास! बाहेर थोरली रडून लाल. माझाही तोल गेला. "असली आपलपोटी पोर आमच्या घरात आजवर झाली नाही," असं सगळ्यांसमोर बोलले. तेव्हापासून धाकटी गोष्ट ऐकायला येत नाही. सून म्हणते, या जुन्या गोष्टींनीच मुलं बिघडतात. बाई, माझी गोष्ट चुकली का? स्वार्थ घालवणारी एखादी गोष्ट सुचवाल का? आणि बोलून गेले त्याचं काय करू?

– एक आजी


प्रिय ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या कडी घातलेल्या दारापाशी थांबले. सत्तावीस वर्षं बालवाडीत चिऊ-काऊची गोष्ट सांगितली आहे मी. तुमच्या नातीने ती जितकी नीट ऐकली, तितकी आपण सांगणाऱ्यांनी कधी ऐकलेली नसते.

आठवून बघा. धो धो पाऊस पडतो. काऊचं घर शेणाचं, ते वाहून जातं. चिऊचं मेणाचं, ते राहतं. काऊ भिजून कुडकुडत दाराशी येतो, "चिऊताई, चिऊताई, दार उघड." आणि चिऊ आतून सांगत राहते, थांब. बाळाची अंघोळ, बाळाची पावडर, बाळाची तीट, बाळाचं दूध, बाळाची झोप. त्या 'थांब थांब'ला असा काही ठेका आहे की ऐकता ऐकता मुलांच्या पोटात चार घास जास्त जातात, म्हणून आपण तो लांबवतो. शेवट तर घराघरात वेगळा. कुणाकडे काऊ उबेला म्हणून तापल्या तव्यावर बसतो आणि भाजतो. कुणाकडे तो रात्रभर चिऊचे चणे खातो आणि काय खातोस विचारलं की सुपारी म्हणून सांगतो. पण शेवट कुठलाही असो, भिजणाऱ्याला इतका वेळ बाहेर का उभं केलंस, असं चिऊला कुणीच विचारत नाही. ती टापटिपीची, शहाणी, पक्क्या घराची. धाकटीने हिशेब केला: घर माझं, बाहुली माझी, आजी माझी, म्हणजे मी चिऊ. बाहेरून आलेली ती काऊ. आणि गोष्टीतली शहाणी चिऊ वागते तशी ती वागली.

तेव्हा सूनबाईंचं म्हणणं उडवून लावू नका. त्यांना जे खटकलं ते खरंच त्या गोष्टीत आहे. पण गोष्ट बंद करण्याशी मी सहमत नाही. ती कशी सांगायची ते पुढे सांगते. आधी तुम्ही मागितलेल्या दुसऱ्या गोष्टीबद्दल.

ती तुमच्यापाशीच आहे, ताई. साताऱ्याच्या घरी श्रावणातल्या सोमवारी, उपास सोडायच्या आधी, हातात अक्षता घेऊन तुम्ही ती कितीदा ऐकली असेल. सोमवारची खुलभर दुधाची कहाणी. पण हातात अक्षता असताना आपण पुण्य मिळवायला ऐकतो, गोष्ट म्हणून ऐकत नाही. म्हणून इथे पुन्हा सांगते.

आटपाट नगर होतं. तिथे एक राजा होता, महादेवाचा मोठा भक्त. एकदा त्याच्या मनात आलं, आपल्या महादेवाचा गाभारा दुधाने काठोकाठ भरावा. एवढं दूध आणायचं कुठून? प्रधानाने तोड काढली आणि गावात दवंडी पिटवली: सोमवारी सगळ्यांनी घरातलं सगळं दूध देवळात आणून घालावं. राजाचा हुकूम. लोक घाबरले. कुणी वासराला प्यायला ठेवलं नाही, कुणी तान्ह्याला ठेवलं नाही. सकाळपासून हंडे, कळश्या, चरव्यांची रीघ लागली. सगळ्या गावचं दूध पडलं, पण गाभारा काही भरला नाही.

दुपारी एक म्हातारी आली. सकाळपासून ती घरीच होती. तिने मुलांना खाऊपिऊ घातलं, लेकीसुनांना वाढलं, गाईवासरांना तृप्त केलं. सगळं आवरून मग उरलेलं खुलभर दूध, म्हणजे इवल्याशा भांड्यात मावेल एवढंसं, आणि चार तांदळाचे दाणे, थोडं गंधफूल, बेलाची दोन पानं घेऊन ती देवळात गेली. पूजा केली, दूध वाहिलं. देवाला म्हणाली, साऱ्या गावाच्या दुधाने तुझा गाभारा भरला नाही, माझ्या एवढ्याशाने कसा भरेल, पण मी मनापासून वाहते आहे. आणि ती पाठमोरी झाली तसा गाभारा भरला.

गुरवाने पाहिलं, राजाला जाऊन सांगितलं. राजाला पटेना. दुसऱ्या सोमवारी त्याने पहाऱ्याला शिपाई बसवला. पुन्हा तेच. तिसऱ्या सोमवारी राजा स्वतः देवळात बसून राहिला आणि म्हातारी परत निघाली तसा त्याने तिचा हात धरला. ती थरथर कापायला लागली. राजाने तिला अभय दिलं, मग विचारलं, असं का होतं? म्हातारीने सांगितलं: तुझ्या हुकमाने वासरं तळमळली, पोरं उपाशी राहिली, मोठी माणसं हळहळली. देवाला हे आवडलं नाही, म्हणून गाभारा भरला नाही. राजाने ऐकलं. नवी दवंडी पिटवली: आधी घरच्यांना, मुलांबाळांना, गाईवासरांना पोटभर द्या, मग राहील ते आणा. पुढच्या सोमवारी राजाने पूजा केली, डोळे उघडले, तर गाभारा भरलेला.

आता या राजाकडे बघा. त्याला दूध स्वतःला प्यायला नको होतं. देवासाठी हवं होतं. म्हणून त्याचा स्वार्थ चटकन दिसत नाही, त्यालाही दिसला नाही. गाभारा भरला तर नाव कुणाचं झालं असतं? तुम्ही रागावणार नसाल तर एक विचारते. आपल्या पोराने चारचौघांत खाऊ वाटावा, खेळणं पुढे करावं, अशी आपली धडपड असते तेव्हा आपणही असाच एखादा गाभारा भरायला निघालेलो असतो का? "दे तिला! देतेस की नाही?" ही घरातली दवंडीच असते. हंडा रिकामा होतो, गाभारा भरत नाही.

हे मी दुसऱ्याकडे बोट दाखवून म्हणत नाही. माझ्या वर्गात एक चार वर्षांचा मुलगा होता. त्याची आई पहाटेच्या पाळीला कामाला जायची. सोमवारी तो डब्यात दोन बेसनाचे लाडू आणायचा आणि डबा मांडीत दाबून, भिंतीकडे तोंड करून खायचा. मी त्याच्या हातातला एक लाडू घेतला, त्याचे चार तुकडे केले आणि शेजारच्या मुलांना दिले. "आपण वाटून खातो ना?" असं वर म्हणाले. पुढच्या सोमवारपासून त्याने लाडू आणणं बंद केलं. बऱ्याच दिवसांनी त्याच्या आईकडून कळलं की ते लाडू ती रविवारी रात्री त्याला मांडीवर बसवून वळायची. आठवड्यातला तेवढाच वेळ त्याला आई मिळायची. मी त्याच्या मांडीवरून काय उचललं होतं ते तेव्हा समजलं. या गोष्टीला वीसेक वर्षं झाली, अजून मनातून जात नाही.

म्हातारीची कहाणी त्यानंतर मला वेगळी ऐकू यायला लागली. नीट बघा, तीसुद्धा चिऊसारखीच आधी आपल्या घरचं बघते. आधी मुलं, आधी लेकीसुना, आधी वासरं. कहाणी या 'आधी'ला नावं ठेवत नाही. फरक पुढे पडतो. म्हातारीचं 'आधी' संपतं आणि ती उरलेलं घेऊन उंबरा ओलांडते. चिऊचं संपतच नाही, बाळाचं एक झालं की दुसरं निघतं. तुमच्या धाकटीच्या हातून तिचं 'आधी' हिसकावून घेऊ नका. तिचं पोट भरू द्या, म्हणजे 'मग' म्हणायची वेळ येईल.

पोट भरू द्या म्हणजे खेळणी दोन-दोन आणा असं नव्हे. तुमच्या मुलाने प्रेमानेच आणली, पण भांडण अंघोळीच्या मगाचं नाहीच मुळी. तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं: रात्री माझ्या शेजारी कोण झोपणार. दीड महिन्यापूर्वीपर्यंत तुमची एक कूस पूर्ण तिची होती. आता अर्धी झाली आणि हे तिला विचारून कुणी केलेलं नाही. आजी दोन आणता येत नाहीत. तेव्हा दिवसातला एखादा वेळ फक्त तिचा ठेवा. संध्याकाळी दिवा लावायच्या आधी पंधरा मिनिटं, तिच्या डोक्याला तेल लावताना, दार लोटून. त्या वेळात फोन नाही, स्वयंपाक नाही, थोरलीशी कसं वागायचं ते शिकवणं तर मुळीच नाही. थोरलीलाही तिचा असाच वेळ द्या, दुसरा. झोपायचं म्हणाल तर तुम्ही मध्ये झोपा आणि दोघींना एकेक हात द्या. कंबर दुखेल, पण दोनच महिन्यांचा प्रश्न आहे.

आणखी एक. तिला एक डबा द्या, अगदी बिस्किटांचा पत्र्याचा चालेल. त्यात ती ठेवील त्या वस्तू फक्त तिच्या. त्या कुणी मागायच्या नाहीत, आईबाबांनीही नाहीत. थोरलीलाही तसाच एक. डब्याबाहेरच्या वस्तूंबद्दल 'दे' म्हणू नका. विचारा, "ताईला चित्र काढायचंय. यातले कुठले खडू तू तिला देशील?" ती म्हणाली "काहीच नाही", तर "बरं" म्हणा आणि खरंच बरं असल्यासारखा चेहरा ठेवा. रुसवा दाखवलात की ती पुन्हा दवंडीच झाली. थोरलीसाठी मात्र तुमच्याकडे वेगळे खडू तयार असू द्या, नाहीतर एकीला निवड देऊन दुसरीला उपाशी ठेवल्यासारखं होईल.

सूनबाईंना हे अती लाडाचं वाटेल. त्यांना 2013 साली अमेरिकेतल्या दोन संशोधक बायकांनी प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगाबद्दल सांगा. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना त्यांनी एक उदास बाहुली दाखवली आणि हातात एक स्टिकर दिला. काही मुलांना सांगितलं, तू ठरव, स्टिकर स्वतःला ठेवायचा की बाहुलीला द्यायचा. काहींना सांगितलं, बाहुलीलाच द्यावा लागेल. थोड्या वेळाने दुसरी बाहुली आली आणि मुलांपुढे आणखी स्टिकर ठेवले. ज्यांनी आधी स्वतः ठरवून दिला होता, त्यांनी या दुसऱ्या बाहुलीला जास्त दिले. ज्यांना द्यायला लावलं होतं, त्यांनी कमी. म्हातारीने राजाला सांगितलं तेच हे.

वयाचंही लक्षात घ्या. स्वित्झर्लंडमध्ये तीन ते आठ वर्षांच्या 229 मुलांबरोबर झालेला एक अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला. त्यात तीन-चार वर्षांची बहुतेक मुलं खाऊ वाटताना फक्त स्वतःचं बघत होती आणि सात-आठ वर्षांची बहुतेक मुलं दोघांना सारखं पसंत करत होती. तुमची एक नात साडेपाचची, दुसरी आठची. थोरलीला जे आपसूक जमतं ते धाकटीला अजून जमायचं आहे. रोज तिची थोरलीशी तुलना झाली तर ते लांबेल.

आता चिऊ-काऊ. धाकटी गोष्टीला आली की, आणि ती येईल, मुद्दाम हीच गोष्ट काढा. दुसरी काढलीत तर तिला वाटेल की ही गोष्ट तिच्यामुळे घरातून गेली. पाऊस नेहमीसारखा पाडा, शेण वाहू द्या, काऊला दाराशी आणा. चिऊ म्हणते, थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते. इथे थांबा आणि विचारा, "बाहेर काऊ काय करत असेल गं?" एवढंच. ती म्हणेल, भिजत असेल. म्हणू द्या. "आणि चिऊच्या बाळाला आतून काय ऐकू येत असेल?" मग तिलाच पुढे सांगू द्या. माझ्या वर्गात एका मुलीने सांगितलं होतं, की बाळ अंघोळीतून उठून ओल्या अंगाने दार उघडतं, कारण ते तसंही भिजलेलंच आहे. दुसऱ्याने काऊला आत घेतलं, पण बाळाला टॉवेल धरायच्या कामाला लावलं. एकाने शेवटपर्यंत दार उघडलं नाही. मी त्याला म्हटलं, बरं, उद्या बघू. चार दिवसांनी त्याने फट ठेवली.

शेवटी "मग काय शिकलीस?" असं विचारायचा मोह होईल. कृपा करून विचारू नका. 1920 साली भावनगरला बालमंदिर सुरू करणाऱ्या गिजुभाई बधेकांची आणि पुढे बोर्डी-कोसबाडला बालशिक्षणात आयुष्य घातलेल्या ताराबाई मोडकांची परंपरा मला शिकताना मिळाली. तिच्यातून एक पक्कं कळलं, गोष्ट आनंदासाठी सांगायची. आनंदाने ऐकलेली गोष्ट मुलाच्या आत किती दिवस काम करत राहते, ते आपल्याला दिसत नाही. खुलभर दुधाची कहाणीही अशीच सांगा. तात्पर्य राहू द्या, "साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण" एवढं मात्र ठेक्यात म्हणा, तिला ते आवडेल.

थोरलीबद्दल तुमच्या पत्रात फार कमी आहे, आणि मला तिचीच जास्त काळजी वाटते. घर वाहून गेलेला काऊ खरं तर ती आहे. आई दिसत नाही, बाबा येऊन-जाऊन, शाळेतल्या मैत्रिणी सुटलेल्या, आणि मामाच्या घरात प्रत्येक वस्तू मागून घ्यावी लागते. जे कायम घेणाऱ्याच्या जागी असतं, ते पोर आतून आकसतं. तिला काहीतरी द्यायची जागा करून द्या. ती आठ वर्षांची आहे, तिला येणाऱ्या कितीतरी गोष्टी धाकटीला येत नसतील: सागरगोटे, कागदाची होडी, दोरीवरच्या उड्या, वाचता येणं. एखाद्या दुपारी तिला म्हणा, "मला डोळ्यांनी नीट दिसत नाही, आज गोष्ट तू वाच." मी वर्गात पाहिलंय, सगळ्यात घट्ट मूठ अशाच वेळी सुटते, मोठ्यांनी समजावलं म्हणून नाही, तर ज्याला आपण दार लावलं त्यानेच आपल्याला काही दिलं म्हणून. गाभारा भरण्याआधी राजाने म्हातारीला अभय दिलं होतं आणि म्हातारी त्याच्याशी खरं बोलली होती. कहाणीत राजाला शिक्षा कुठेच नाही. त्याला फक्त कुणीतरी न चिडता सांगितलं.

थोरलीला रोज एकदा आईशी फोनवर बोलू देता ना? देत असालच. बोलताना कुणी शेजारी बसू नका.

उरलं तुमचं शेवटचं विचारणं. हो, धाकटीची माफी मागा. 'आपलपोटी' हा शब्द सगळ्यांसमोर उच्चारला गेला, तर परत घेतानाही सगळे असू द्या, थोरलीसुद्धा. जेवायला बसल्यावर, पहिला घास घ्यायच्या आधी. "त्या दिवशी मी तुला वाईट बोलले. मला तसं बोलायला नको होतं." इथे थांबा. 'पण तूही' जोडू नका, तिच्याकडून 'सॉरी' मागू नका, जवळ ओढून पापा घेऊ नका. ती काहीच बोलली नाही तर वाढायला लागा. तिच्या पानात भाताची मूद, वर वरण, तुपाची धार, लिंबाची फोड, नेहमी वाढता तसंच सगळं. आणि रात्री अंथरूण घालताना दार उघडं ठेवून, कुणालाही हाक न मारता, पाऊस सुरू करा: एक होती चिऊ, एक होता काऊ.

तुमची,
बाई